ओट्याचं माप

पेडगावात घराचं बांधकाम निघाल्यापासून बसवंतराव रोज कपाळाला विभूती लावून सकाळीच तिथं हजर व्हायचे. ऊन तापायच्या आत भिंतींवर पाणी मारायचे आणि मग दिवसभर मिस्त्रीच्या मानगुटीवर बसायचे. जोतं झालं त्याच आठवड्यात त्यांची बायको बसम्मा गेली. काम मात्र थांबलं नाही.

स्वयंपाकघरातल्या ओट्याची पाळी आली, तसा बालाजी मिस्त्री टेप घेऊन बसवंतरावांच्याच कमरेशी वाकला.

"काका, आता चहापाणी तुमीच करणार. तुमच्याच मापानं घेऊ," असं म्हणून त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली.

बसवंतरावांनी ती अंगठ्यानं पुसली आणि चांगली सहा बोटं खाली दुसरी मारली.

"लय खाली झालं, काका. रोज वाकावं लागंल तुमाला."

"लागू दे," बसवंतराव म्हणाले. "जुन्या घरी ओटा मी माझ्याच मापानं करून घेतलता. तीस वर्सं ती पाटावर उभी राहून सैपाक करायची."