फुको धरायला आलेला

परसात सापळ्याची काठी सटकन वर उडाली. फुको अडकला. तरी नाबुकालू दाराआडून हलली नाही, कारण परसात कियिंगी होता, तिचा जावई. सासू-जावयाने एकमेकांच्या नजरेस पडायचं नाही, ही बुगांडातली रीत. मोडली तर हातपाय थरथरायला लागतात म्हणे.



फुको म्हणजे जमिनीखालून बिळं करणारा महालबाड उंदीर. वर वेल हिरवागार ठेवतो आणि खालची रताळी फस्त करतो. दोन ओळी पोकळ निघाल्यावर नाबुकालूने निरोप धाडला होता. कियिंगी तीन कोस चालत आला. त्याने बिळांत तारेचे फास लावले, काठ्या वाकवून मातीत रोवल्या.

"अगं, लपतेस कशाला?" शेजारची नान्तेझा चूल फुंकता फुंकता म्हणाली. "लेक जाऊन वर्ष झालं तुझी. तो आता दुसरी करणार, सगळं गाव बोलतंय. कुठली सासू नि कुठला जावई! शेवटचं काम करून द्यायला आलाय बिचारा. जा, समोर जाऊन चार शब्द बोल."

नाकिटो तिची एकुलती एक. ती गेली, आणि आपलं म्हणायला हे एकच माणूस उरलं. तोही परका झाला असेल, तर समोर उभा राहील, सरळ तोंडाकडे बघून ख्यालीखुशाली विचारेल. कुठल्याही शेजाऱ्यासारखा.

नकोच ते कळायला, असं तिला एकदा वाटलं. पण दाराआड बसून तरी किती दिवस काढणार? तिने शिजवलेल्या केळ्यांचं ताट उचललं, मन घट्ट केलं आणि परसात पाऊल टाकलं.

कियिंगीने मान वर केली. दुसऱ्याच क्षणी हातातला जिवंत फुको टाकून तो रताळ्यांच्या वेलांत धाडकन आडवा झाला. तोंड मातीत खुपसलं. फुको पुन्हा बिळात पसार. आणि कियिंगी खालूनच चिडून ओरडला,

"काय हे, आई! जावई आलाय परसात, दिसत नाही का? आत व्हा आधी!"