देवराईत एकटी

"बाई, मी मागून ढकलतो की," वनरक्षक नागेश झोरे तिसऱ्यांदा म्हणाला.

"नको. आज मी एकटीच जाणार," म्हणत उर्मिलाबाईंनी व्हीलचेअरची चाकं दोन्ही हातांनी पुढे रेटली.

शाळेत शिकवायच्या तेव्हा त्या दरवर्षी मुलांना घेऊन या देवराईत यायच्या. नागेश त्या मुलांमधलाच एक. अपघातानंतरची नऊ वर्षं मात्र त्या फाटकापाशीच थांबत आल्या. उचलून न्यायला माणसं तयार असायची, पण दुसऱ्यांच्या खांद्यावर बसून झाडं बघायची त्यांची इच्छा नव्हती. यंदा नागेशने गावकऱ्यांना हाताशी धरून फाटकाजवळच्या पायऱ्या काढल्या, तिथे उतार बांधला आणि आतल्या वाटेवर मुरूम टाकून चोपून घट्ट केला.

बाई अर्ध्या तासात परततील असं त्याला वाटलं होतं. तास उलटला. त्याने हाका मारल्या, पण ओ आली नाही. शेवटी न राहवून तो धावतच आत शिरला.

वळणावरून बाई येताना दिसल्या. तळहात मातीने माखलेले, केसांत कोळ्याचं जाळं, चाकांना ओला पाला चिकटलेला.

"कुठं होतात बाई? किती घाबरलो मी!"

"ओढ्यापाशी वाट चुकले," त्या धापा टाकत म्हणाल्या आणि एकदम खळखळून हसल्या. "अरे, नऊ वर्षांत वाट चुकायची संधीच मिळाली नव्हती मला!"