मोलकरणीची भूमिका

१९९१ साली सिल्वासाच्या गणेशोत्सवासाठी एक जुनं विनोदी नाटक पुन्हा बसत होतं. त्यातली मालकिणीला फैलावर घेणारी मोलकरीण शाळेतल्या नलिनीबाई करत होत्या, पण मान खाली घालूनच. शेवटी त्यांनी आपल्या घरी भांडी घासणाऱ्या कावेरीला तालमीला बोलावलं.

कावेरी म्हणाली, "बाई, आम्ही भांडताना असं नाही बोलत. कमरेवर हात ठेवा अन् डोळ्यांत बघा."

"माझ्याशी तर तू मान खाली घालूनच बोलतेस!"

"ते तुमच्याशी. नरोलीला आमच्या चाळीत येऊन बघा."

प्रयोगाआधी नारळ फुटला. सगळे दिग्दर्शकाच्या पाया पडले. नलिनीबाई मात्र आधी कावेरीपुढे वाकल्या.

कावेरीने कमरेवर हात ठेवले, त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "उठा आता. अन् पहिलं वाक्य पार मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे!"