कागदातलं गोल भोक

ऑर्विलचा पहिलाच बाण कागद फाडून गेला. भोक पडलंच नाही; डावीकडे अंगठाभर चीर पडली.

"दिसलं?" ऑर्विल म्हणाला. "हे तुझ्या नवऱ्याचं काम. गेल्या वर्षीच ओरडून सांगत होतो."

मर्ना पुढे झाली. लाकडी चौकटीतला फाटका कागद तिने काढून ठेवला आणि नवा ताणून बसवला.

तिचा नवरा लेनर्ट हा ऑर्विलचा धाकटा भाऊ. मिशिगनच्या उत्तर टोकाच्या त्या गावात टोकांना कप्पीसारखी चाकं असलेली धनुष्यं जुळवण्याचं काम तीस वर्षं त्याच्याकडे होतं. सरावाच्या बोथट टोकाचा बाण वाकडा सुटला तरी वाटेत सावरतो. शिकारीचं धारदार पातं मात्र हवेत सुकाणूसारखं वागतं आणि केसाएवढी चूक तीस पावलांवर वीतभर करून दाखवतं. म्हणून आधी बाण कागदातून सोडून पाहायचा. गोल भोक आणि त्याभोवती पिसांच्या तीन रेघा उमटल्या, की धनुष्य जुळलं.

गेल्या ऑक्टोबरात ऑर्विलचा बाण एका हरणाच्या काळजाऐवजी पोटात बसला. जनावर दलदलीत शिरलं ते सापडलंच नाही. पोटातला बाण घेऊन हरीण किती तास जगतं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच अशा प्रसंगी कोणीतरी दोषी लागतो. ऑर्विल शिकार क्लबचा अध्यक्ष होता, आणि अध्यक्षांचा नेम चुकत नसतो. कॉफी पिता पिता त्याने भावाचं नाव घेतलं. गावाने ते ज्या तत्परतेने स्वीकारलं, तिला तिथे शेजारधर्म म्हणतात. त्यानंतर लेनर्टच्या घरामागच्या कामाच्या शेडकडे कोणी फिरकलं नाही. मार्चमध्ये तो रिकाम्या बाकाशीच कोसळला. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी 'हृदयविकार' असं लिहिलं. मर्नाला याहून नेमकं कारण माहीत होतं. पण त्यासाठी दाखल्यात रकाना नव्हता.

शुक्रवारी क्लबचं हंगामाआधीचं जेवण होतं. त्या दिवशी प्रत्येक शिकारी आपल्या धनुष्याचा कागद नावानिशी भिंतीवर टांगतो. भोक गोल नसेल, तर त्याने जंगलात पाऊल टाकायचं नाही. जवळपास दुसरा कारागीर नव्हता, आणि लेनर्टचं सगळं काम मर्नाला येत होतं. एवढ्याच कारणाने मोठे दीर आज या शेडची पायरी चढले होते.

"वर्षभरात याच्या स्क्रूला कोणी हात लावला?" तिने विचारलं.

"छे! पेटीतून बाहेरसुद्धा काढलं नाही. भूत बसलंय त्यात."

बाण जिच्यावर विसावतो त्या टेकीकडे तिने बोट दाखवलं. जुळवणी संपली, की लेनर्ट टेकीच्या स्क्रूवर मर्नाच्या नखरंगाचा ठिपका द्यायचा. स्क्रू तसूभर सरकला, तरी ठिपका तडकतो. हा लाल ठिपका अखंड होता.

"आता मी सोडते."

"तू? ओढवेल तरी का तुला?"

"तुझ्या खांद्याच्या ऑपरेशननंतर तूच या धनुष्याचा जोर पन्नास पौंडांवर आणून घेतलास. तेवढी बटाट्याची पोती मी रोज उचलते."

उंचीने दोघं सारखीच होती, त्यामुळे त्याच्या मापाचं धनुष्य तिलाही बसत होतं. तिने मूठ सैल ठेवली, दोरी गालापर्यंत ओढली आणि सोडली.

गोल भोक. तीन रेघा. कंपासने काढल्यासारख्या.

"धनुष्य निर्दोष आहे, ऑर्विल. तू मूठ आवळतोस, मनगट पिळतं. लेनर्टने याच जागी तुला हे सांगितलं होतं. तू म्हणालास, धाकट्याने मोठ्याला धनुष्य धरायला शिकवू नये."

ऑर्विलने टोपी काढली.

"मग आता काय हवंय तुला?"

"एक वाक्य. शुक्रवारी, सगळ्यांसमोर. लेनर्टचं काम चोख होतं, एवढंच."

त्याचे डोळे भरून आले. खरोखरच भरून आले. अशा माणसांना रडण्याची कला अवगत असते, असं नव्हे. त्यांना रडू खरंच येतं, आणि ओसरतंही.

"बोलतो," तो म्हणाला. "दे ते दोन्ही कागद. दाखवूनच बोलतो."

तिने दिले. पुरावा आरोपीच्या हाती देऊ नये, हे कोणताही कायदा सांगेल. पण मर्ना कोर्टात उभी नव्हती. आपल्या घरी, आपल्या दिरासमोर उभी होती.

शुक्रवारी सभागृहात मांस भरलेल्या, करंजीसारख्या गरम पेस्टींचा आणि ओल्या लोकरीचा वास भरला होता. भिंतीच्या मधोमध एक कागद टांगला होता. गोल भोक, तीन स्वच्छ रेघा, आणि खाली ठळक अक्षरांत नाव: ऑर्विल मॅकी. फाटका कागद कुठेच नव्हता. बाण कोणी सोडला, असं विचारायची तिथे पद्धत नाही. गाव सभ्य आहे.

ऑर्विल उठला. त्याने पेला उंचावला.

"मंडळी, माझं धनुष्य आता जुळलंय. आणि ते कोणी जुळवलं? आमच्या मर्नाने!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मर्नाने तोंड उघडलं, पण तिचा आवाज त्या कडकडाटात बुडाला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या हिल्माने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हिल्मा मनाने फार चांगली बाई होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी," ती तिच्या कानाशी म्हणाली. "लेनर्टने बिघडवून ठेवलेलं निदान तू तरी निस्तरलंस."