चित्रासाठी चेहरा

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने आपल्या छावण्यांत पळवून नेलेल्या कोरियन मुलींची आठवण, हा यंदाच्या शालेय चित्रस्पर्धेचा विषय होता. कोरियातल्या तेगू शहरात बाकी सगळ्या विद्यार्थिनी पुस्तकातल्या फोटोंवरून चित्रं काढत होत्या. युरिम मात्र त्या पळवून नेलेल्या मुलींपैकी हयात असलेल्या एकीसमोर, थेट जुमसून आजींच्या घरात, रंग मांडून बसली होती. बक्षीस तर खिशातच आहे, असं तिला वाटत होतं.

आजी चांगल्या नटल्या होत्या. केस कुरळे करून आणलेले, ओठांना लालभडक लिपस्टिक.

"म्हातारी काढलीस तर बघ हं," आजींनी दम भरला.

युरिम हसली, पण ब्रश भिजवून थबकली. "आजी, लिपस्टिक पुसाल का? आणि चेहरा जरा दुःखी करा ना. परीक्षकांना कळायला हवं."

आजींनी रुमालाने ओठ पुसले आणि नजर खाली वळवली.

चित्र भराभर उतरत गेलं. युरिम खूश होऊन म्हणाली, "किती पटकन जमलं हो तुम्हाला!"

"सवय आहे गं. तुझ्याएवढी होते तेव्हा तिथे छावणीतही चेहरा सांगितला जायचा. ओठ रंगवा, हसा, मग सैनिकांसाठी दार उघडायचं." आजींनी रुमालाची घडी घातली. "आज आपली हौस म्हणून लावली होती."

युरिमने ब्रश खाली ठेवला. तिला मान वर करवेना.

"आजी... परत लावता का?"

"राहू दे, पोरी. तुझं चित्र बिघडेल."