वजन पडल्यावर

"मिस्त्री, आज तरी जाईन का तो आवाज?" धुरपताबाईंनी ओसरीवरून विचारलं.

"जाईन ना बाई. नवे बुश टाकून राह्यलो, जाईन नाई तं काय!" गाडीपाशी उकिडवे बसलेले उकंडराव म्हणाले.

गाडी चोवीस वर्षांची, पण इंजिन अजून ठणठणीत. दुखणं होतं ते पुढच्या चाकांपाशी. तिथले रबरी बुश पार चिरले होते आणि खड्डा आला की खालून खट्‌कन आवाज यायचा. उमरखेडहून यवतमाळला जाताना खड्ड्यांना काय तोटा! मागल्या खेपेला डॉक्टरांकडे निघाले, तर त्या आवाजाला भिऊन बाईंनी चालत्या गाडीचं दार उघडलं. अर्ध्या वाटेतून परत यावं लागलं. उद्याचीही तारीख हुकली तर पुढची दोन महिन्यांनी. तोवर बाईंच्या डोक्यातलं आणखी काय काय पुसलं जाईल, देव जाणे.

जुने बुश निघता निघेनात. उकंडरावांनी करवतीच्या पात्यानं कापून ते काढले. नव्यांना साबणाचं पाणी लावायचं होतं. ते उठले, सरळ न्हाणीत गेले आणि साबणाची वडी घेऊन आले.

"अहो! न विचारता घरात कसे शिरता?" बाई कडाडल्या. "आमचे हे असते तं तंगडं मोडलं असतं तुमचं!"

"चुकलं बाई."

"येतीनच आता. ड्युटी संपली का येतात."

कोणी येणार नव्हतं. उकंडरावांना ते पक्कं ठाऊक होतं. दीड वर्ष झालं, बाई रोज संध्याकाळी दारात ताटकळत उभ्या राहायच्या आणि ते बघून त्यांचं काळीज तुटायचं. एकदा खरं सांगून पाहिलं होतं. बाईंनी दोन दिवस आतून कडी लावून घेतली, अन्नाचा कण तोंडात घेतला नाही. तेव्हापासून ते गप्पच होते.

लांब बोल्ट आणि पाइपाचा तुकडा लावून त्यांनी एकेक बुश दाबून बसवला. घामानं सदरा पाठीला चिकटला. बाईंना काय वाटलं कोण जाणे, चहा घेऊन आल्या.

"अगंबाई, साखर टाकाचीच राह्यली."

"राहू द्या. मी फिकाच पेतो." उकंडरावांनी बशीत तोंड घातलं ते वर केलंच नाही.

खरी मेख पुढे होती. चाक अधांतरी असताना बुशचा नट आवळला, तर रबर पिळलेलं राहतं आणि महिन्याभरात फाटतं. गाडी चाकांवर उभी करायची, माणूस बसवायचा आणि वजन पडल्यावरच आवळायचा. त्यांनी चाकांखाली सागाचे जाड ठोकळे दिले, मागून दगड लावले.

"बाई, जरा पुढच्या सीटवर बसा. वजन पाह्यजे."

"परक्या माणसासंगं? लोक काय म्हनतीन?"

"मी तं खाली राहीन. तुमी एकट्याच वर."

बाई पदर सावरून बसल्या. गाडी जराशी दबली. उकंडराव पाठीवर सरकत खाली गेले.

"आता आवाज येणार नाई. उद्या येसान ना यवतमाळले?"

"हे आले तं त्याइच्यासंगं जाईन. तुमच्यासंगं कायले?"

नटावर पाना तसाच राहिला. पोरीचं नाव बाई विसरल्या होत्या. माहेरचं गाव विसरल्या होत्या. एकच गोष्ट उकंडरावांनी आजवर भीतीपोटी विचारली नव्हती.

"मालकाचं नाव काय बाई?"

"इश्श! नवऱ्याचं नाव कोनी असं घेते काय?"

"मंग उखाण्यात घ्या."

वर नुसती सीट कुरकुरली. उकंडरावांना वाटलं, गेलं. तेही गेलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. आणि मग बाई नव्या नवरीसारख्या लाजत म्हणाल्या,

"पैनगंगेच्या काठी सासरचं गाव, जल्माचे सोबती उकंडराव."

"ओ!" गाडीखाली उकंडरावांच्या तोंडून निघून गेलं.

"तुमाले नाई आवाज देल्ला, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "तुमी नट आवळा."