दहापैकी चार

दर मोसमाच्या सुरुवातीला रग्बी क्लबचे डॉक्टर प्रत्येक खेळाडूला दहा शब्द वाचून दाखवायचे आणि पाच मिनिटांनी परत विचारायचे. सामन्यात कुणाच्या डोक्याला मार लागला, की तीच परीक्षा पुन्हा व्हायची. आधीपेक्षा कमी शब्द आठवले, तर गडी महिनाभर घरी. म्हणून त्यांच्यातला एक खेळाडू सुरुवातीलाच मुद्दाम चार शब्द सांगून गप्प बसायचा. "आता कितीही टाळकं आपटू दे, मला बाहेर बसवून दाखवा म्हणावं!" असं बायकोला सांगून पोट धरून हसायचा. चौदा वर्षांत त्याचा एकही सामना हुकला नाही.

खेळ सोडून दोन वर्षं झाली होती. आज बायकोच त्याला हाताला धरून क्लबच्या डॉक्टरांकडे घेऊन आली. कपाळाला घाम फुटेपर्यंत आठवून आठवून त्याने चार शब्द सांगितले.

डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली. "वहिनी, उगाच घाबरताय तुम्ही. पहिल्या वर्षीही चारच होते. काही बिघडलेलं नाही."

"अहो डॉक्टर, तेव्हा हा मुद्दाम चुकायचा!" ती रडकुंडीला आली. "सांग ना रे त्यांना!"

तो खरोखरच आठवून बघत राहिला. मग बायकोच्या वतीने माफी मागावी तसा ओशाळं हसला.

"नाही हो डॉक्टर. मी कशाला मुद्दाम चुकेन?"